बंब (पाणी तापविण्याचे साधन)

बंब हे स्नानाचे पाणी तापविण्यासाठी वापरले जाणारे तांब्याचे किंवा पितळेचे उभट, नळकांड्याच्या आकाराचे साधन आहे. महाराष्ट्रातील वाड्यांत, चाळींत आणि खेड्यांतील घरांत ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सर्रास वापरात होते. पुढे त्याची जागा गॅस गीझर, विद्युत गीझर व सौर जलतापक यांनी घेतली. बंब काढून नवे साधन बसविताना केवळ इंधन बदलत नाही. धूर बाहेर जाण्याची वाट, पाण्याची भरण आणि नळांची मांडणी हे सर्वच बदलावे लागते. यांपैकी पहिल्या गोष्टीकडे झालेले दुर्लक्ष प्राणघातक ठरू शकते.

रचना आणि वापर

बंबाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक उभी नळी असते. तिच्या तळाशी जाळी आणि जाळीखाली राख पडण्यासाठी जागा असते. नळीत लाकडाच्या ढलप्या, कोळसा, गोवऱ्यांचे तुकडे किंवा नारळाच्या करवंट्या घालून जाळ करतात. नळीभोवतीच्या पोकळीत पाणी भरलेले असते. तप्त वायू वर जाताना सर्व बाजूंनी पाण्याला उष्णता देतात, त्यामुळे उघड्या चुलीवरील हंड्यापेक्षा कमी सरपणात पाणी तापते. गरम पाणी बाजूच्या तोटीतून काढून घेतात आणि तितकेच थंड पाणी वरून ओततात. पाणी नसताना जाळ केल्यास सांधे उकलून बंब गळू लागतो.

गोव्यात व दक्षिण कोकणात न्हाणीतील चुलीवर बसविलेल्या तांब्याच्या मोठ्या भांड्यास ‘भाण’ म्हणतात. दिवाळीत नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानासाठी बंब किंवा भाण चिंचेने घासून लखलखीत करण्याची पद्धत होती.

बंबातूनही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बाहेर पडतो. मात्र बंब बहुधा परसात, मागील पडवीत किंवा कौलारू, झरोके असलेल्या न्हाणीघरात पेटविला जाई. धूर डोळ्यांना झोंबत असल्याने धोक्याची सूचनाही मिळे. नव्या सदनिकांतील लहान, घट्ट दाराच्या स्नानगृहात यांपैकी काहीच उरले नाही.

गॅस गीझर

‘गीझर’ हे नाव आइसलँडमधील उष्ण पाण्याच्या कारंज्यावरून आले आहे. १८६८ मध्ये लंडनमधील बेंजामिन वॉडी मॉन यांनी गॅसवर तत्काळ पाणी तापविणाऱ्या यंत्राला हे नाव दिले. त्या यंत्राला जळालेले वायू बाहेर नेणारी नळी नव्हती. दीड शतकानंतरही हीच उणीव अनेक स्नानगृहांत आढळते.

बंद खोलीत गॅस जळत राहिला की प्राणवायू कमी होतो, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढते. हा वायू रंगहीन व गंधहीन आहे. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक दृढतेने संयोग पावतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही लक्षणे दिसेपर्यंत हातपायांतील शक्ती गेलेली असते, आणि आत असलेल्या व्यक्तीला कडी काढणेही जमत नाही. अशा वेळी दार उघडून तिला मोकळ्या हवेत आणणे, गॅस बंद करणे आणि विलंब न करता रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

म्हणून गॅस गीझर स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेत बसवून केवळ गरम पाण्याची नळी आत घेणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. खिडकीची एक फट पुरेशी ठरत नाही. बाहेर हवा फेकणारा पंखाही नेहमी उपकारक नसतो: खोलीत हवा येण्याची वाट नसेल, तर तो धुराड्यातून वर जाणारे वायू उलट आत ओढतो.

विद्युत गीझर

विद्युत गीझरमध्ये ज्वलन नसल्याने हा धोका राहत नाही. प्रश्न वायरिंगचा येतो. १५ लिटर पाणी २५ अंश सेल्सियसवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ०.६ युनिट वीज लागते. २ किलोवॅटचा गीझर हे काम १८ ते २० मिनिटांत करतो. त्यासाठी जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह लागतो. दिव्यांसाठी घातलेल्या जुन्या तारा तो पेलत नाहीत. त्यामुळे १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, खात्रीचे अर्थिंग आणि गळती-प्रवाह होताच वीज तोडणारे उपकरण घालावे लागते. साठवणीच्या गीझरसाठी भारतीय मानक आयएस २०८२ आहे. त्याचा दाबमोचक व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून बुजवून टाकण्याची चूक अनेकदा होते. थर्मोस्टॅट बिघडल्यास अशी टाकी फुटू शकते.

बंबात पाणी हाताने ओतले जाई; गीझरला मात्र वरच्या टाकीतून दाबाने येणारे पाणी हवे. जुने लोखंडी नळ आतून गंजलेले असल्यास धार बारीक होते. गरम पाण्यासाठी साधा पीव्हीसी नळ चालत नाही, सीपीव्हीसी किंवा तत्सम नळ लागतो. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्याचे क्षार तापकावर साचतात. बंबातही ते साचत, पण ते खरवडता येत.

सौर जलतापक

छतावरील संग्राहकात तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या उष्णतारोधित टाकीत जाते, त्यामुळे बहुतेक घरगुती संचांना पंप लागत नाही. दिवसाला १०० लिटरसाठी साधारण २ चौरस मीटर सपाट संग्राहक लागतो. त्याचे तोंड दक्षिणेकडे असते, आणि थंड पाण्याची टाकी सौर टाकीहून उंच असावी लागते. जुन्या इमारतीत अनेकदा ही शेवटची अटच अडचणीची ठरते. पाणी भरलेल्या संचाचे वजन छत पेलेल का, हेही आधी तपासावे लागते.

छतापासून स्नानगृहापर्यंतच्या नळीत रात्रभर थंड झालेले पाणी आधी काढावे लागते: १५ मिलिमीटर अंतर्व्यासाच्या २० मीटर नळीत ते सुमारे ३.५ लिटर भरते. नळीला उष्णतारोधक आवरण नसल्यास टाकीतील उष्णताही वाटेत कमी होते. पावसाळ्यातील ढगाळ दिवसांसाठी विजेचा पूरक तापक ठेवावा लागतो.

ग्रामीण भागात सरपण उपलब्ध असलेल्या घरांत बंब अजूनही पेटतात, आणि पत्र्याचे नवे बंबही विकले जातात. शहरांतील जुने तांब्याचे बंब मोडीत गेले, किंवा दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवलेले दिसतात.