मालगुजारी गेली, बैल गेले. आता कोठ्याचं काय?

मोहगाव (सौंसर) : जुन्या वाड्याचा दर्शनी दरवाजा सगळेच पाहतात. पण मालगुजाराची शेती चालायची ती मागच्या अंगणातून. घोड्यांची पागा, बैलांचा कोठा, कुटाराची खोली, धान्याचं कोठार, सगळं तिथेच.

१९५१ मध्ये मध्य प्रदेशातली मालगुजारी संपली. १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेलं, छिंदवाडा इकडेच राहिला. पुढे ट्रॅक्टर आले आणि कोठे रिकामे पडत गेले. आता कुठे संत्र्याचे कॅरेट, कुठे खताची पोती, कुठे मोटारसायकली.

या इमारती नव्या कामालाही चालतात, त्याचं कारण बांधणीत आहे. छपराचा बराचसा भार सागवानी खांबांवर असतो, म्हणून गव्हाणी काढल्या तरी छपराला धक्का लागत नाही. मातीच्या जाड भिंती ऊन आत येऊ देत नाहीत. कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाते. जमिनीला उतार असल्याने पाणी साचत नाही.

चूक होते ती दुरुस्तीत. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत अडकते, भिंत भुसभुशीत होते. कवेलू काढून टिन टाकलं की मे महिन्यात आत उभं राहवत नाही.

त्यापेक्षा माती-चुन्याचाच गिलावा करावा, पावसाळ्याआधी कवेलू फेरावेत, खांबांच्या बुडाशी वाळवी तपासावी. नवं गोदाम बांधायला काढण्याआधी हा हिशेब एकदा मांडून पाहायला हवा. कोठा एकदा पाडला की ते सागवान आजच्या भावात परत मिळत नाही.