रोहिणीच्या मागची जोडी

मार्गशीर्षातल्या संध्याकाळी पूर्वेला रोहिणी तांबूस चमकत असते. आकाशात तिच्यापासून जेमतेम तीन अंशांवर डीक्यू टॉरी नावाची ताऱ्यांची जोडी आहे. नुसत्या डोळ्यांना ती दिसायची नाही. रोहिणी आपल्यापासून ६५ प्रकाशवर्षांवर, तर ही जोडी सहाशेहून अधिक. दोन्ही ताऱ्यांचं वस्तुमान सूर्याच्या साधारण सहा दशांश आणि दोन्ही अजून वाढीच्या वयातले. १५.८ दिवसांत ते एकमेकांभोवती एक फेरी पुरी करतात. कक्षा चांगलीच लांबट आहे: कधी मधे तीन कोटी किलोमीटर अंतर, तर कधी फक्त ८०-८५ लाख. बुध सूर्यापासून पावणेसहा कोटी किलोमीटरवर आहे, तेव्हा हा सगळा संसार बुधाच्या कक्षेत आरामात मावेल.

कोवळा तारा वाढतो तो भोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीतून. तिच्या आतल्या काठावरचा वायू चुंबकीय बलरेषांच्या वाटेनं सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगानं ताऱ्यावर कोसळतो. जिथे आदळतो तिथला पृष्ठभाग तापतो आणि ताऱ्याचा निळा, अतिनील प्रकाश वाढतो.

तारे दोन असले की पंचाईत होते. त्यांच्या फिरण्यामुळे तबकडीतला वायू बाहेर रेटला जातो आणि मधे मोठी पोकळी पडते. मग तारे उपाशीच राहायला हवेत! पावेल आर्टिमोविच आणि स्टीव्हन लुबो यांनी १९९६ मध्ये संगणकावर गणित मांडून दाखवलं, की पोकळी पूर्ण रिकामी राहत नाही. तारे एकमेकांपासून दूर जातात तेव्हा तबकडीच्या काठाजवळ पोचतात आणि तिथून वायूचा प्रवाह ओढून घेतात. त्यातला बराच वायू परत काठावर भिरकावला जातो. उरलेला तारे जवळ येतात त्या सुमारास त्यांच्यापर्यंत पोचतो. म्हणजे वाढ सलग नाही, हप्त्यांनी. पुढच्याच वर्षी रॉबर्ट मॅथ्यू आणि सहकाऱ्यांनी डीक्यू टॉरीच्या निरीक्षणांत नेमकं हे वेळापत्रक दाखवून दिलं: तारे जवळ आले की जोडी उजळते. दर फेरीला उजळतेच असं नाही, आणि मला तर हे चुकार हप्तेच जास्त बोलके वाटतात. प्रवाह गुठळ्यागुठळ्यांचा असतो, हे त्यांवरून कळतं.

उजळण्याचं सगळं श्रेय वायूलाही देता येत नाही. २००८ मध्ये याच जोडीतून मिलिमीटर लहरींचा मोठा भडका दिसला, तोही तारे जवळ असताना. तिथे दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांत घुसत असावीत.

आत येणारा सगळाच वायू ताऱ्याच्या पदरात पडत नाही. गोफणीतून दगड सुटावा तसा काही भाग चुंबकीय क्षेत्र झोताच्या रूपात बाहेर फेकतं. त्यासोबत फिरण्याचा संवेगही जातो, म्हणून तर बाकीचा वायू आत पडू शकतो. रोहिणीजवळच्याच एल१५५१ ढगात आयआरएस ५ ही दुसरी जोडी आहे. तिच्यातून दोन वेगळे झोत निघतात. तिथे ताऱ्यांमधलं अंतर काही अब्ज किलोमीटर, त्यामुळे प्रत्येकाला स्वतःची छोटी तबकडी बाळगता येते, साठा करता येतो. डीक्यू टॉरीत तेवढी जागाच नाही. आलेला माल लगेच खाली पडतो, म्हणून तिचं वेळापत्रक आपल्याला इतकं स्वच्छ वाचता येतं.

जोडीतल्या दोघांत वायूची वाटणी मात्र बरोबरीची असेलच असं नाही. टीडब्ल्यूए ३ए या ३५ दिवसांच्या जोडीत बराचसा वायू थोरल्या ताऱ्यालाच मिळताना दिसला आहे. तबकडी आणि कक्षा यांचा आकार लांबट असेल, तर काळानुसार ही पसंती धाकट्याकडेही वळू शकते, असं गणित सांगतं.