काटेपूर्णा ते अप्पर वर्धा : धरणावरची नाव आणि जाळे

नाव वल्हवत मागे दोरीला गळ सोडायचा आणि पळत्या आमिषावर झडप घालणारा मासा पकडायचा, ही शिकारी माशांसाठीची रीत आहे. कोकणात सुरमई अशी धरतात. वऱ्हाडातल्या धरणांवर मात्र भोई समाजाचे पोट चालते ते जाळ्यावर, आणि त्याचे कारण माशाच्या तोंडात आहे.

मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धा नदीवर अप्पर वर्धा, म्हणजे नल-दमयंती सागर. अकोल्याकडे महान येथे काटेपूर्णा. अशा जलाशयांत मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ वाढवतात. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो पृष्ठभागाजवळची सूक्ष्म जीवसृष्टी गाळून खातो. रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळ उकरतो. तिघांच्याही जबड्यांत दात नाहीत. पळत्या माशामागे धावण्याची त्यांना गरजच पडत नाही, मग मागून ओढलेल्या गळाला ते लागणार कसे? त्या गळाला लागू शकतात ते मरळ आणि शिंगाळ्यासारखे शिकारी मासे.

या तिघांची वीण पुराच्या वाहत्या पाण्यात होते, साचलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत. त्यामुळे धरणात दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडावी लागतात. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काची सुई देऊन या माशांची वीण घडवून आणली. नदीतून बीज गोळा करत बसण्याची गरज त्यामुळे हळूहळू कमी झाली. धरणातली मासेमारी उभी आहे ती या शोधावर.

जाळे तंगुसाचे, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचे असते, पाण्यात जवळजवळ दिसत नाही. वरच्या दोरीला तरंगणारे तुकडे, खालच्या दोरीला वजन. मध्ये भिंतीसारखे उभे जाळे. माशाचे डोके आसात, म्हणजे जाळ्याच्या छिद्रात शिरते, मागे सरताना दोरा कल्ल्यात अडकतो. म्हणून आस केवढा ठेवायचा, हा निर्णय फार महत्त्वाचा. बारीक आसाच्या जाळ्यात बोटुकली जाते आणि मच्छीमार संस्थेने सोडलेले बीज वाढण्याआधीच संपते.

जाळे सांजेला लावतात, पहाटे काढतात. दोघांच्या नावेत एक जण वल्हे धरतो. दुसरा जाळे हातावर ओढून घेत एकेक मासा सोडवतो. कल्ल्यात रुतलेला दोरा ओढून काढला तर आस फाटतो, मासाही खराब होतो. बोटाने दोरा मागे सारून डोके बाहेर काढावे लागते, तेही ओल्या, थंड हातांनी. ज्याच्याकडे नाव नाही तो थर्माकोलच्या तराफ्यावर बसतो. तुकडे एकत्र बांधून केलेला हा तराफा एकटा माणूस खांद्यावर नेऊ शकतो, म्हणूनच तो गरिबाला परवडतो. पण मोठ्या जलाशयात वारा सुटला की लाटा उठतात, आणि तराफ्याला ना काठ ना आधार.

नावही सुरक्षित असतेच असे नाही. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. दशक्रियेसाठी आलेले नातेवाईक त्यात होते. लहान नावेत किती माणसे बसवायची, हे नावाड्याने आणि बसणाऱ्यांनीही ठरवले पाहिजे. जीवरक्षक जाकीट जाळ्याइतकेच गरजेचे आहे, आणि ते प्रत्येक तराफ्यावर असायला हवे.