बॅटरीविना चालणारे संवेदक : खंडित विजेवर अखंड काम

जमिनीतील ओलावा, हवेचे तापमान, पुलाला बसणारे हादरे यांची नोंद घेणाऱ्या लहान यंत्रांना संवेदक म्हणतात. बहुतेक संवेदक बॅटरीवर चालतात आणि बॅटरी केव्हा ना केव्हा संपतेच. काँक्रीटमध्ये पुरलेल्या संवेदकाची बॅटरी बदलणे तर जवळजवळ अशक्य. शिवाय टाकलेल्या बॅटऱ्यांतील रसायनांनी माती व पाणी दूषित होते, ते वेगळेच.

यावर उपाय म्हणून ऊन, कंपने, उष्णतेतील फरक किंवा रेडिओलहरी यांतून ऊर्जा वेचणारे संवेदक तयार झाले आहेत. वेचलेली वीज कपॅसिटर नावाच्या लहानशा घटकात साठते. झिरपणाऱ्या झऱ्याखाली ठेवलेल्या लोट्याप्रमाणे तो भरला की यंत्र क्षणभर काम करते. रिकामा झाला की थांबते. अमेरिकेत इंटेलच्या व वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी विकसित केलेला ‘विस्प’ हा संवेदक रेडिओलहरींवरच चालत असे.

खरी अडचण

वीज गेली की साधा संगणक हातातील काम विसरतो. म्हणून वीज नसतानाही लिहिलेले टिकवणारी फेरोइलेक्ट्रिक स्मृती येथे वापरतात. परंतु तेवढ्याने भागत नाही. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. गोदामात 40 पोती आहेत. 5 नवी आली. कारकुनाने वहीत 45 लिहिले, आणि ‘नोंद झाली’ अशी खूण करण्यापूर्वीच दिवा गेला. दिवा आल्यावर खूण न दिसल्याने त्याने पुन्हा 5 मिळवले. गोदामात पोती 45, वहीत 50! संवेदकाच्या आज्ञावलीतही नेमकी हीच चूक घडते.

उपाय

यासाठी आज्ञावलीचे लहान लहान स्वतंत्र टप्पे पाडतात. प्रत्येक टप्पा एका भरलेल्या कपॅसिटरच्या विजेत पुरा होईल, एवढाच असावा लागतो. टप्प्यातील हिशेब आधी कच्च्या कागदावर होतो. तो पूर्ण झाल्यावरच आकडा पक्क्या वहीत उतरवला जातो. उतरवताना वीज गेली तरी बिघडत नाही. 45 हा आकडा दोनदा लिहिला तरी 45 च राहतो. कार्नेगी मेलन विद्यापीठात 2017 साली मांडलेली ‘अल्पाका’ ही पद्धती याच तत्त्वावर आधारलेली आहे.

वीज गेल्यावर घड्याळही थांबते. सकाळचे तापमान दुपारचे म्हणून नोंदले जाऊ नये, यासाठी वेगळ्या कपॅसिटरमधील वीज किती ओसरली, यावरून गेलेल्या वेळेचा अंदाज बांधतात.

नेदरलँड्समधील डेल्फ्ट व अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांच्या संशोधकांनी 2020 साली ऊन आणि बटणे दाबण्याचा जोर यांवर चालणारे खेळाचे यंत्र करून दाखविले. वीज खंडित झाली तरी खेळ जेथल्या तेथून पुढे सुरू होई.

अर्थात, जेथे क्षणाक्षणाची दक्षता हवी, तेथे असे संवेदक उपयोगी नाहीत. पण सावकाश, वर्षानुवर्षे घ्यावयाच्या नोंदींसाठी ते सोयीचे आहेत. मात्र वीज कोणत्याही क्षणी जाईल, हे गृहीत धरूनच त्यांची आज्ञावली लिहिली गेली पाहिजे.