विकतचे दुखणे नको

परवा एका पालकांनी दवाखान्यात विचारले, "डॉक्टर, मुलीच्या वाढदिवसाला कुत्र्याचं पिल्लू घ्यायचंय. कुठलं दुकान चांगलं?" हा प्रश्न खरे तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारायचा. पण एका छोट्या पेशंटने मला या विषयात लक्ष घालायला लावले. त्याची हकीकत आज वाचकांसमोर ठेवतो.

2022 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. एक बाई आठ वर्षांच्या मुलाला ताप आला म्हणून घेऊन आल्या. ताप साधाच होता. नाडी पाहताना त्याच्या तर्जनीवर शेजारी शेजारी दोन बारीक खपल्या दिसल्या.

"हे काय रे?"

मुलगा गप्प. आई म्हणाली, "काही नाही हो, पिल्लाचे दुधाचे दात लागले चार दिवसांपूर्वी. थेंबभर रक्त आलं होतं. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, एवढ्याशा पिल्लाला विष नसतं."

"पिल्लू कुठं आहे आता?"

आईने मान खाली घातली. मुलगाच म्हणाला, "ते मेलं. आम्ही पेरूच्या झाडाखाली पुरलं."

पिल्लू आणून जेमतेम आठवडा झाला होता. पाचव्या दिवशी त्याने खाणे सोडले, मग उलट्या आणि रक्ताची जुलाब. जनावरांच्या दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले. लक्षणांवरून हा बहुधा पार्व्हो नावाचा आजार असावा. लस न झालेल्या पिल्लांमध्ये तो झपाट्याने पसरतो. माणसाला तो होत नाही. पण तपासणीच झाली नव्हती, तेव्हा 'बहुधा' या शब्दावर मुलाचा जीव कसा सोडणार? चावलेले कुत्रे दहा दिवस ठणठणीत राहिले तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेतून रेबीज पसरत नव्हता, असे धरता येते. इथे कुत्रेच उरले नव्हते. आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की पेशंट जवळजवळ कधीच वाचत नाही.

पिल्लाला विष नसते, हा समज साफ चुकीचा आहे. पिसाळलेले कुत्रे चावले तर पिल्लालाही रेबीज होतो. ते लहान असल्यामुळे उलट आपण बेसावध राहतो.

मी त्यांना लगेच सरकारी दवाखान्यात पाठवले. आजीने फोनवर आकांत मांडला, "पोराच्या पोटात चौदा इंजेक्शनं टोचणार?" ती भीती जुन्या काळची आहे. ती जुनी लस आपल्या देशात 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात दोन्ही दंडांच्या कातडीत लस देतात, तीही चारच वेळा : पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलेले असेल तर जखमेत आणि तिच्या भोवती तयार प्रतिकारद्रव्याचे इंजेक्शनही देतात. मुलाला हे सगळे मिळाले. आज तो सुखरूप आहे.

पुढे मुलाच्या वडिलांबरोबर मी ते दुकान पाहायला गेलो. दुकानदार अतिशय अगत्यशील. खुर्च्या पुढे केल्या, थंड पाणी दिले, चहा मागवला. पिल्लू घेताना वडिलांना त्याने गळ्यातला पट्टा फुकट दिला होता आणि "सगळी इंजेक्शनं झालीत" असे छातीठोकपणे सांगितले होते. "आम्हाला सर्व्हिस फार चांगली वाटली होती," वडील खेदाने म्हणाले.

मी मात्र मागच्या बाजूला पाहत होतो. पत्र्याचे छप्पर, मे महिन्याचे ऊन, एकावर एक रचलेले पिंजरे. वरच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची विष्ठा खालच्या सशांच्या अंगावर पडत होती. चार पिल्ले एका पिंजऱ्यात, त्यातले एक कोपऱ्यात मान टाकून पडलेले. पाण्याचे भांडे कोरडे. गिऱ्हाइकाला थंड पाणी आणि मुक्या जीवाला कोरडे भांडे, ही त्या दुकानाची सर्व्हिस! आपण पाहिला तो दुकानदार आपल्याशी कसा वागतो ते. पाहायला हवे होते तो जनावरांशी कसा वागतो ते.

याच्या उलट अनुभव दुसऱ्या एका पेशंटचा. मुलीसाठी मांजराचे पिल्लू आणायला ते एका दुकानात गेले. दुकानदाराने आधी यांनाच प्रश्न विचारले. घरात कोण कोण असते, दिवसभर त्याच्याकडे कोण पाहणार, कोणाला दमा आहे का? मग म्हणाला, "हे पिल्लू सहा आठवड्यांचं आहे. आठ आठवडे झाल्याशिवाय देणार नाही. आणि त्या पलीकडच्याला गजकर्ण झालाय, औषध चालू आहे, हात लावू नका." आमचे पेशंट रागावून घरी आले. "पैसे देतोय आणि वर हा माणूस नाही म्हणतो!" मी म्हटले, "दोन आठवड्यांनी त्याच्याकडेच जा." ते गेले. मांजर आज त्यांच्या घरात सुखाने नांदते आहे.

त्या दुकानदाराचे बरोबरच होते. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारचे 2018 चे नियम आहेत. दुकानाची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि कुत्र्या-मांजराचे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. तेव्हा दुकानात गेल्यावर संकोच न करता पुढील गोष्टी पाहाव्यात.

1. नोंदणीचे प्रमाणपत्र आणि पावती मागावी. टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरावे.

2. नाकाचा उपयोग करावा. शिरताच उग्र वास आला तर सफाई नाही, हे समजावे. पाण्याची भांडी पाहावीत.

3. आजारी जनावर वेगळे ठेवले आहे का ते पाहावे. एक पिल्लू जुलाबाने आजारी असेल तर त्याच पिंजऱ्यातले दुसरे, कितीही गोंडस असले तरी, घेऊ नये.

4. लशींचे कार्ड पाहावे. त्यावर तारीख, लशीचे लेबल आणि पशुवैद्याची सही हवी. कुत्र्याला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. म्हणून दोन महिन्यांच्या पिल्लाची 'सगळी इंजेक्शने झाली' असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. उरलेल्या लशी आणि जंताचे औषध यांची जबाबदारी आपली.

5. घरी नेण्याआधी, निदान त्याच दिवशी, पशुवैद्याला दाखवावे.

पक्ष्यांबाबतही दोन शब्द. ज्यांना आपण सरसकट लव्हबर्ड म्हणतो त्या आणि पोपटाच्या जातीच्या इतर पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेल्यास क्वचित ताप, कोरडा खोकला आणि न्यूमोनिया होतो. योग्य औषधाने तो बरा होतो, पण घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना सांगायला हवे. पिंजरा कोरडा झाडू नये, ओला करून पुसावा. आपला देशी हिरवा पोपट तर घेऊच नये. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो विकणेही गुन्हा आहे आणि पाळणेही.

कोणतेही कुत्रे किंवा मांजर, दुकानातले असो की घरचे, चावले किंवा त्याने ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आमच्या छोट्या पेशंटचे चार दिवस फुकट गेले होते, तसे कोणाचे जाऊ नयेत.

शेवटच्या इंजेक्शनानंतर तो मुलगा दवाखान्यात आला होता. दंड चोळत म्हणाला, "डॉक्टरकाका, त्या पिंजऱ्यात अजून पिल्लं होती. त्यांना इंजेक्शन कोण देणार?" मला चटकन उत्तर देता आले नाही. त्याच्या वडिलांनी मात्र त्याच आठवड्यात पशुसंवर्धन खात्याच्या जिल्हा कार्यालयात दुकानाविरुद्ध अर्ज दिला. असे दुकान दिसले तर आपणही द्यावा. नुसती दया येऊन तिथून एक पिल्लू सोडवून आणले, तर त्या रिकाम्या जागेवर दुसऱ्या दिवशी दुसरे पिल्लू येते.