'ऑथेल्लो' : प्रेम, संशय आणि न ऐकलेली साक्ष

विल्यम शेक्सपिअरच्या थोर शोकात्मिकांमध्ये बहुधा राजे आणि राज्ये यांचे भवितव्य पणाला लागलेले असते. 'हॅम्लेट', 'मॅकबेथ' आणि 'किंग लिअर' या तिन्ही नाटकांत सिंहासनाचा प्रश्न आहे. 'ऑथेल्लो' हे नाटक मात्र वेगळे आहे. येथे कोणाचे राज्य जात नाही, भुताचा संचार होत नाही, चेटकिणींची भविष्यवाणी नाही. येथे मोडतो तो केवळ एक संसार, आणि तोही नुकताच मांडलेला. चार शतकांनंतरही हे नाटक प्रेक्षकांना अस्वस्थ करते याचे कारण त्याच्या या घरगुती स्वरूपातच शोधावे लागते.

या नाटकाच्या पहिल्या ज्ञात प्रयोगाची नोंद १ नोव्हेंबर १६०४ ची असून तो लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात झाला. शेक्सपिअरने कथानक घेतले ते जिराल्दी चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ साली प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहातून. मूळ कथेत नाव आहे ते फक्त नायिकेला. सेनापती आणि त्याचा कपटी सहकारी तेथे आपापल्या वंशाने आणि हुद्द्याने ओळखले जातात. त्या साध्या सूडकथेचे शेक्सपिअरने मानवी नातेसंबंधांच्या एका सखोल अभ्यासात रूपांतर केले.

कथानक थोडक्यात असे. व्हेनिस प्रजासत्ताकाच्या सेवेत असलेला कृष्णवर्णीय मूर सेनापती ऑथेल्लो हा सिनेटर ब्रॅबॅन्शिओ याची कन्या डेस्डेमोना हिच्याशी गुप्तपणे विवाह करतो. तुर्कांच्या संभाव्य स्वारीमुळे त्याला सायप्रस बेटावर पाठवले जाते आणि डेस्डेमोनाही तेथे जाते. बढती न मिळाल्यामुळे दुखावलेला निशाणबरदार इयागो हा डेस्डेमोनाचे कॅसिओ या तरुण अधिकाऱ्याशी संबंध असल्याचा संशय ऑथेल्लोच्या मनात पेरतो. या संशयातून ऑथेल्लो निरपराध पत्नीचा जीव घेतो आणि सत्य उघड झाल्यावर स्वतःही प्राणत्याग करतो.

कथेतून जडलेले प्रेम

ऑथेल्लो आणि डेस्डेमोना यांचे प्रेम कसे जमले याचा वृत्तान्त नाटकात खुद्द ऑथेल्लोच देतो. ब्रॅबॅन्शिओ त्याला वारंवार घरी बोलावत असे आणि त्याच्या आयुष्याची हकिकत विचारत असे. लढाया, वेढे, समुद्रावरील संकटे, गुलामगिरी आणि सुटका यांच्या त्या कथा ऐकण्यासाठी डेस्डेमोना घरातील कामे झटपट उरकून येई. सोसलेल्या संकटांबद्दल तिला त्याच्याविषयी प्रेम वाटले आणि तिला वाटलेल्या कणवेमुळे त्याला तिच्याविषयी.

हे चित्र मोहक आहे, परंतु त्यात एक उणीवही दडलेली आहे. दोघे एकमेकांना ओळखतात ते कथाकार आणि श्रोती या नात्याने. एकत्र राहण्याचा, भांडून पुन्हा जुळवून घेण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी नाही. विवाहानंतर लगेचच ते वेगवेगळ्या जहाजांतून सायप्रसला जातात. वय, वर्ण, जन्मभूमी आणि सामाजिक स्थान या चारही बाबतींत दोघांत अंतर आहे. प्रेमाने हे अंतर ओलांडले जाते, पण ते पुसले जात नाही. इयागो नेमके तेथेच बोट ठेवतो. व्हेनिसच्या स्त्रियांचे वर्तन कसे असते हे परक्या मुलखातून आलेल्या सेनापतीला काय ठाऊक, असे तो सुचवतो आणि ऑथेल्लोला आपले परकेपण प्रथमच बोचू लागते.

पित्याच्या मनातील गाठ

नाटकातील पहिले तुटलेले नाते पती-पत्नीचे नाही, पिता आणि कन्येचे आहे. ज्या पाहुण्याला ब्रॅबॅन्शिओने सन्मानाने घरी बोलावले तोच जावई होताच परका ठरतो. आपल्या मुलीने स्वेच्छेने असा विवाह केला हे पित्याला पटत नाही. जादूटोणा झाल्याचा आरोप घेऊन तो ड्यूकपुढे जातो.

तेथे डेस्डेमोना कोणाचाही अवमान न करता आपली बाजू मांडते. ज्याप्रमाणे आईने स्वतःच्या वडिलांपेक्षा पतीला अधिक मान दिला, त्याचप्रमाणे आपलेही कर्तव्य आता पतीकडे अधिक आहे, असा तिचा युक्तिवाद असतो. पित्याला उत्तर सुचत नाही. मात्र निघताना तो जावयाला बजावतो की, जिने बापाला फसवले ती नवऱ्यालाही फसवू शकेल. पुढे इयागो याच वाक्याचा आधार घेतो. मुलीने स्वतःच्या निवडीने केलेला विवाह म्हणजे तिच्या अविश्वसनीयतेचा पुरावा, असे हे तर्कशास्त्र आहे. ते केवळ सोळाव्या शतकातील व्हेनिसपुरते मर्यादित नाही, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

तीन जोडपी

शेक्सपिअरने या नाटकात स्त्री-पुरुषांच्या तीन जोड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या आहेत. ऑथेल्लो आणि डेस्डेमोना यांचे नाते आदर्शाच्या पातळीवर सुरू होते. दुसरी जोडी इयागो आणि त्याची पत्नी एमिलिया यांची. तो चारचौघांत तिचा पाणउतारा करतो आणि ती बहुधा ऐकून घेते. तिसरी जोडी कॅसिओ आणि बियांका यांची. बियांकाचे कॅसिओवर मनापासून प्रेम आहे. तो मात्र मित्रांमध्ये तिची थट्टा करतो.

या तिन्ही संबंधांत एक समान सूत्र आहे. स्त्रीच्या निष्ठेची परीक्षा सतत होत असते, पुरुषाच्या निष्ठेची होत नाही. तिन्ही स्त्रियांना कधी ना कधी दुराचारी म्हटले जाते. आणखी एक बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. इयागो हा स्वतःही संशयी पती आहे. एमिलियाचे ऑथेल्लोशी संबंध असल्याची अफवा त्याने ऐकलेली असते. ती खरी की खोटी याची शहानिशा न करता, ती खरी असल्याप्रमाणे वागण्याचे तो ठरवतो. त्यामुळे ऑथेल्लोच्या मनात तो जे विष कालवतो ते त्याने आधी स्वतः चाखलेले असते.

रुमालाची साक्ष

संशयाला पुरावा लागतो आणि तो येथे एका रुमालाच्या रूपाने मिळतो. स्ट्रॉबेरीच्या नक्षीचा हा रुमाल ऑथेल्लोने डेस्डेमोनाला दिलेली पहिली भेट. पतीचे डोके दुखते म्हणून ती तो त्याच्या कपाळाला बांधू पाहते, तो झिडकारतो आणि रुमाल खाली पडतो. तिच्याजवळून तो हरवतो तो पतीची काळजी घेताना, हे लक्षात घेण्याजोगे आहे. एमिलिया तो उचलून नवऱ्याला देते आणि इयागो तो कॅसिओच्या खोलीत टाकतो.

इंग्रज समीक्षक थॉमस रायमर याने १६९३ साली या रुमालावरून नाटकाची यथेच्छ खिल्ली उडवली. एवढ्याशा वस्तूवरून एवढा अनर्थ व्हावा हे त्याला हास्यास्पद वाटले. परंतु वस्तूचा क्षुल्लकपणा हाच येथे मुद्दा आहे. ज्या मनाने निकाल आधीच दिलेला असतो त्याला पुरावा मोठा असावा लागत नाही. ब्रिटनमधील टॉड आणि ड्यूहर्स्ट या मनोविकारतज्ज्ञांनी १९५५ साली जोडीदाराच्या निष्ठेविषयीच्या विकृत संशयाला 'ऑथेल्लो सिंड्रोम' असे नाव दिले. नाटकातील ऑथेल्लोचा संशय मात्र आतून उद्भवलेला नसून बाहेरून पेरलेला आहे. त्या अर्थाने तो रोगी असण्यापेक्षा चुकीच्या माणसावर विसंबलेला न्यायाधीश अधिक आहे.

दोन न्यायनिवाडे

या नाटकाचे मर्म त्याच्या आरंभी आणि अखेरीस होणाऱ्या दोन न्यायनिवाड्यांच्या तुलनेत सापडते. पहिल्या अंकात आरोपी ऑथेल्लो आहे. आरोप सर्वांसमक्ष मांडला जातो, त्याला उत्तर देण्याची संधी मिळते आणि डेस्डेमोनाला बोलावून तिचे म्हणणे ऐकावे, अशी विनंती तो स्वतःच करतो. तिच्या साक्षीमुळे तो निर्दोष ठरतो.

अखेरच्या अंकात आरोपी डेस्डेमोना आहे. फिर्यादी, न्यायाधीश आणि शिक्षा देणारा या तिन्ही भूमिका ऑथेल्लो एकटाच बजावतो. तो तिला अपशब्द बोलतो, परंतु आरोप नेमका काय आणि कोणाशी संबंधित आहे हे ती मृत्युशय्येवर असेपर्यंत तिला सांगत नाही. एमिलिया आपल्या बाईसाहेबांच्या चारित्र्याची ग्वाही देते तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवला जात नाही. कॅसिओला बोलावून विचारावे, ही डेस्डेमोनाची विनंतीही व्यर्थ जाते. तो मारला गेला असल्याचे ऑथेल्लो तिला सांगतो. ज्या साक्षीने ऑथेल्लोला वाचवले तीच साक्ष तो पत्नीला नाकारतो. त्याने एकदा तरी तिला सरळ प्रश्न विचारला असता तर इयागोचा डाव तेथेच संपला असता.

येथे आणखी एका पात्राचा विचार करावा लागतो. चौथ्या अंकात व्हेनिसहून आलेला नातलग लोडोविको याच्या समक्ष ऑथेल्लो डेस्डेमोनाला मारतो. लोडोविको हादरतो, तिची क्षमा मागण्यास ऑथेल्लोला सांगतो, हे नेहमीचेच आहे काय अशी चौकशीही करतो. मात्र त्यानंतर त्याच घरी भोजन करून तो निरोप घेतो. त्याच रात्री डेस्डेमोनाचा खून होतो. घरातील मारहाण ही त्या घराची खासगी बाब मानणाऱ्या सभ्य माणसांचे हे चित्र आहे. भारतात २००५ साली संमत झालेल्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने शारीरिक मारहाणीसोबतच शाब्दिक आणि भावनिक छळालाही हिंसा मानले, याची आठवण या प्रसंगी होणे स्वाभाविक आहे.

एमिलियाचा आवाज

शेवटच्या रात्री डेस्डेमोना आणि एमिलिया यांच्यात होणारा संवाद हा नाटकातील सर्वांत शांत आणि सर्वांत धीट प्रसंग होय. बायका चुकतात त्यात नवऱ्यांचाही दोष असतो, आणि भावना व मोह स्त्रियांनाही पुरुषांप्रमाणेच असतात, असे एमिलिया ठामपणे सांगते. हे भाषण १६२२ च्या पहिल्या छापील आवृत्तीत नाही; ते १६२३ च्या संग्रहात आढळते.

डेस्डेमोना मरताना पतीला दोष देत नाही, उलट स्वतःवरच तो ओढवून घेते. तिचे हे प्रेम हृदयद्रावक असले तरी त्यामुळे सत्य झाकले जाते. ते उघड करते एमिलिया. रुमालाचे रहस्य कळताच, नवऱ्याने गप्प बसण्याची आज्ञा दिली असतानाही ती बोलते आणि त्याच्याच हातून मरते. आपल्याला बाईसाहेबांच्या शेजारी ठेवावे, एवढीच तिची अखेरची इच्छा असते. नाटकाच्या शेवटी इयागो मौन स्वीकारतो आणि आयुष्यभर दबून राहिलेली त्याची पत्नी बोलते, ही शेक्सपिअरची योजना अर्थपूर्ण आहे.

भारतीय भाषांतील प्रवास

भारतात हे नाटक फार लवकर रुजले. १८४८ साली कलकत्त्यात वैष्णवचरण आढ्य या बंगाली नटाने इंग्रज कलाकारांसोबत ऑथेल्लोची भूमिका केली. मराठीत महादेवशास्त्री कोल्हटकर यांचे भाषांतर १८६७ साली प्रसिद्ध झाले, तर गोविंद बल्लाळ देवल यांनी 'झुंजारराव' या नावाने १८९० साली त्याला एतद्देशीय रूप दिले. वि. वा. शिरवाडकर यांनीही हे नाटक मराठीत आणले. जयराज यांच्या 'कळियाट्टम्' या १९९७ च्या मल्याळम चित्रपटाने ही कथा तेय्यम् कलावंतांच्या जगात नेली. विशाल भारद्वाज यांच्या २००६ च्या 'ओंकारा' या हिंदी चित्रपटात रुमालाची जागा कमरबंदाने घेतली आणि एमिलियाच्या जागी असलेल्या इंदूने कपटी नवऱ्याला स्वतःच्या हाताने शिक्षा दिली.

देवलांची कामगिरी या संदर्भात विशेष उल्लेखनीय ठरते. संशयाची शोकात्मिका मराठीत आणणाऱ्या याच नाटककाराने पुढे 'संशयकल्लोळ' ही संशयाचीच सुखात्मिका दिली. तेथे रुमालाऐवजी एक तसबीर हरवते, फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर नाही नाही ते आरोप करतात आणि प्रेक्षक पोट धरून हसतो. दोन्ही नाटकांत गैरसमजाची सामग्री जवळपास सारखीच आहे. फरक एवढाच की, 'संशयकल्लोळ'मध्ये पती-पत्नी दोघेही मोठमोठ्याने बोलतात, भांडतात, जाब विचारतात आणि त्या गोंधळातूनच सत्य बाहेर पडते. ऑथेल्लो मात्र मनातला संशय इयागोजवळ बोलून दाखवतो आणि जिच्याशी बोलायला हवे तिच्याशी बोलत नाही.

ऑथेल्लोचे पत्नीवर प्रेम नव्हते असे म्हणता येणार नाही. ते उत्कट होते. परंतु पत्नीचा शब्द हा मित्राच्या शब्दाइतकाच ग्राह्य मानावा लागतो, हे त्या प्रेमाला उमगले नव्हते. संशय कोणत्याही नात्यात येऊ शकतो. तो आल्यावर प्रश्न कोणाला विचारला जातो, यावर त्या नात्याचे भवितव्य अवलंबून असते, हेच या शोकात्मिकेचे चिरंतन सांगणे आहे.