जलरंगात न्हालेलं पडकं रोम

मोडक्या कमानी, खांबांवर चढलेल्या वेली, मागे सोनेरी आभाळ! रोमच्या प्राचीन अवशेषांनी दोनशे वर्षांपूर्वी इंग्लिश चित्रकारांना अक्षरशः वेड लावलं होतं. त्यांतला बादशहा म्हणजे जे. एम. डब्ल्यू. टर्नर. त्याच्या देखण्या जलरंगांमागच्या या काही भन्नाट गोष्टी.

न पाहताच रंगवलं!
नेपोलियनच्या युद्धांमुळे इंग्रजांना इटलीची वाट बरीच वर्षं बंद होती. मग टर्नरने जेम्स हेकविल या वास्तुविशारदाची पेन्सिलचित्रं समोर ठेवून इटलीची जलरंगचित्रं केली. प्रत्यक्ष रोममध्ये तो पोहोचला १८१९ मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी.

रस्त्यावर पेन्सिल, खोलीत रंग
त्या एका दौऱ्यात त्याने वीसहून जास्त स्केचबुकं भरली. उघड्यावर रंगवत बसणं त्याला परवडायचं नाही. एका रंगीत चित्राच्या वेळात पेन्सिलची १५-१६ चित्रं होतात, असा त्याचा रोकडा हिशोब होता.

पुसून काढलेला उजेड
रोममध्ये त्याने काही कागदांवर आधी राखाडी रंगाचा पातळ थर दिला. त्यावर पेन्सिलीने अवशेष रेखाटले. मग जिथे ऊन हवं, तिथला थर पुसून टाकला. खालचा पांढरा कागद उघडा पडला आणि भिंतीवर लख्ख ऊन आलं!

सम्राटांच्या चौकात गुरं
ज्या फोरम नावाच्या मुख्य चौकात रोमन साम्राज्याचा कारभार चालायचा, तिथे टर्नरच्या काळात गुरं चरत होती. काही खांब अर्धे मातीत गाडलेले होते. हाच परिसर टर्नरने १८३९ मध्ये तैलरंगातही रंगवला. २०१० च्या लिलावात त्या चित्राला जवळपास ३ कोटी पौंड मिळाले.

कोलोसियममध्ये जंगल
चित्रांतली झाडंझुडपं ही चित्रकाराच्या मनची भर नव्हती. रिचर्ड डीकिन या इंग्रज डॉक्टरने १८५५ मध्ये एकट्या कोलोसियममधल्या ४२० वनस्पतींची नोंद छापली. रोम १८७० मध्ये इटलीच्या राज्यात आलं आणि पुढे पुरातत्त्व खात्याने ही हिरवळ उपटून काढली.

पिवळ्या रंगाचं बिहारी मूळ
टर्नरच्या रंगांत ‘इंडियन यलो’ हा झळझळीत पिवळा रंग सापडतो. तो आपल्याकडूनच विलायतेला जायचा. मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावात गवळी गाईंना आंब्याची पानं खाऊ घालून त्यांच्या मूत्रापासून तो बनवतात, असं त्रैलोक्यनाथ मुखर्जी या सरकारी अधिकाऱ्याने १८८३ मध्ये लिहून ठेवलं.

फक्त जानेवारीत दर्शन
जलरंग उजेडात उडतात. म्हणून हेन्री व्हॉन या संग्राहकाने आपली टर्नरची चित्रं एडिंबराच्या राष्ट्रीय कलादालनाला देताना मृत्युपत्रात अट घातली, की ती फक्त जानेवारीत मांडायची. त्या महिन्यात तिथे ऊन अगदी कोवळं असतं. ही अट पाळल्यामुळे ते रंग आजही ताजे आहेत.

जानेवारीत एडिंबराला जाणं जमत नसेल, तरी हरकत नाही. टर्नरची रोमची स्केचबुकं लंडनच्या टेट संग्रहालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. एक संध्याकाळ त्यांच्यासाठी जरूर काढा. गाडलेले खांब आणि वेलींनी झाकलेलं ते रोम आता फक्त चित्रांतच उरलंय.